आटपाडीची दावण आणि डार्विनचा ग्रंथ

चार्ल्स डार्विन यांचे नाव निघाले की माकड आणि माणूस यांचा वाद आठवतो. वस्तुतः २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात माणसाच्या उत्पत्तीविषयी जवळजवळ काहीच नाही. ग्रंथाचे पहिले प्रकरण आहे ते पाळीव प्राण्यांवर. डार्विन यांनी स्वतः कबुतरे पाळली, लंडनमधील कबुतरबाजांच्या मंडळांत ते जाऊन बसले. विद्वानांच्या पंक्तीत कबुतरबाजाची साक्ष काढायला त्या काळी धाडसच लागत असावे.

त्यांनी निवडीचे दोन प्रकार सांगितले. विशिष्ट गुण वाढवण्याच्या हेतूने केलेली ती हेतुपूर्वक निवड. आणि नवी जात घडवण्याचा विचारही मनात नसताना, केवळ चांगले जनावर राखून उरलेले विकून टाकल्याने पिढ्यान्‌पिढ्या घडते ती अजाणता निवड. हा दुसरा प्रकार समजून घेण्यास आटपाडीची दावण पुरेशी आहे. खिल्लार जनावरांत हणम, म्हसवड आणि आटपाडी महाल असे पोटप्रकार मानले जातात. ‘महाल’ हा संस्थानी काळातील प्रशासकीय विभाग. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. दुष्काळी माणदेशात कमी चाऱ्यावर तगणारा, चपळ, काटक बैल ज्याच्या दावणीला, त्याचे औत वेळेवर चाले. तसा खोंड वळू म्हणून राखला गेला, बाकीचे बाजारात गेले. ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना या मुलखाचा दुष्काळ वेगळा सांगायला नको.

येथून डार्विन यांची झेप सुरू होते. निवडणारा मालकच नसेल तर? जन्मतात त्यांपैकी सगळे जगत नाहीत. ज्यांच्यातील लहानसा फरक त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, त्यांची संतती अधिक उरते. मालकाचे काम येथे परिस्थिती करते, मात्र तिच्यासमोर कोणतेही उद्दिष्ट नसते. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

गुण पुढील पिढीत कसे उतरतात, हे मात्र डार्विन यांना उलगडले नाही. मेंडेल यांचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण त्याचे महत्त्व १९०० पर्यंत कुणी ओळखले नाही. पुढे आनुवंशिकीने ही उणीव भरून काढली आणि मूळ युक्तिवाद अधिकच भक्कम झाला.

आज औताची जागा ट्रॅक्टरने आणि दुधाची जागा संकरित गाईने घेतली आहे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवल्यानंतर खिल्लार राखण्याचे एक मोठे कारण उरले आहे ते शर्यत. म्हणजे निवड थांबलेली नाही, तिचा निकष बदलला आहे. आणि दिवसभर औत ओढण्याचा चिवटपणा व काही क्षणांचा वेग हे दोन्ही गुण एकाच वळूत सापडतीलच असे नाही.