पहिली चोरी आणि पुढचे आयुष्य

दुकानातील वस्तू पैसे न देता खिशात घालणारा प्रत्येक मनुष्य धंदेवाईक चोर असतो असे नाही. पुष्कळदा तो कॉलेजातला विद्यार्थी असतो, कधी एखादी गृहिणी असते. क्षणाचा मोह होतो, दाराशी रखवालदार अडवितो आणि अब्रूच्या भीतीने सारे घर हादरते. अशा वेळी आप्तांच्या मनात एकच प्रश्न असतो: तुरुंग तर घडणार नाही ना? वास्तविक अधिक काळजी करावयास हवी ती निराळ्याच गोष्टीची. शिक्षा लवकर संपते. तिची नोंद मात्र नोकरीच्या अर्जातून पुढे कित्येक वर्षे डोके वर काढीत राहते.

प्रथम शिक्षेचा विचार करू. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३०३ व्या कलमान्वये चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावयाची असते. न्यायालय नेमून देईल ते लोकोपयोगी काम विनावेतन करावयाचे, हा तिचा अर्थ. दुकानदारास आपला माल किंवा त्याची किंमत मागण्याचा हक्क आहे. मात्र दंड करणे हे न्यायालयाचे काम आहे, दुकानदाराचे नव्हे. दसपट रक्कम हाती पडेपर्यंत एखाद्यास खोलीत डांबून ठेवणे हा स्वतंत्र अपराध होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. असा खटला तीन वाटांनी संपू शकतो, आणि या तीन वाटांचे नागरी परिणाम सारखे नाहीत.

पहिली वाट तडजोडीची. चोरीस गेलेल्या मालाचा मालक गुन्ह्याची कायदेशीर तडजोड करू शकतो. तशी तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्याप्रमाणे मानला जातो. दुसरी वाट १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाची, म्हणजे लोक ज्यास प्रोबेशन म्हणतात तिची. पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसास न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते, आणि दुकानदारास भरपाई देण्याचा हुकूमही करू शकते. येथे दोष सिद्ध झालेला असतो. तथापि त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता अधिनियमाच्या १२ व्या कलमाने दूर होते. हमी मोडून पुढे मूळ गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली, तर हे संरक्षण राहत नाही.

तिसरी वाट समाजसेवेची. ती दिसावयास सौम्य, पण अखेर ती शिक्षाच होय. १२ वे कलम समज किंवा हमीवर सुटलेल्यांसाठी आहे. समाजसेवेची शिक्षा भोगणाऱ्यास त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. म्हणूनच एकदाचे प्रकरण मिटावे म्हणून पहिल्याच तारखेस घाईने गुन्हा कबूल करणे महाग पडू शकते. तडजोड किंवा परिवीक्षा मिळेल काय, हे वकिलास आधी विचारावे. वकील देण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी अर्ज करता येतो.

मात्र परिवीक्षेने झालेली गोष्ट पुसली जाते, असे समजू नये. अपात्रता गेली तरी दोषसिद्धी उरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. सरकारी नोकरावर त्याचे खाते मूळ गैरवर्तनाबद्दल कारवाई करू शकते.

इंदूरला घडलेली गोष्ट हैदराबादच्या अर्जात कोणास कळणार, या भरवशावरही राहू नये. कायदे केंद्राचे आहेत, आणि सरकारी नोकरीपूर्वी चारित्र्याची पडताळणी होते. २०१६ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने याविषयी तत्त्वे घालून दिली. अर्जात विचारलेली माहिती खरी असावी. ती दडविल्यास उमेदवारी किंवा नोकरी जाऊ शकते. अपराध क्षुल्लक असेल, तर नोकरी देणारा ही लपवाछपवी क्षम्य मानू शकतो. तसे त्याने मानावेच, अशी सक्ती नाही. उलट, सत्य सांगणाऱ्याच्या पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा अधिकारही त्यास आहे. तथापि सत्य सांगणाऱ्याची बाजू मांडता येते. खोटे सांगणाऱ्यास एका चुकीऐवजी दोन चुकांचे उत्तर द्यावे लागते.

अठरा वर्षांखालील मुलांबाबत कायदा अधिक उदार आहे. त्यांची चौकशी बाल न्याय मंडळापुढे होते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या २४ व्या कलमान्वये अशा चोरीच्या दोषसिद्धीने मुलास कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक काळानंतर त्या नोंदी नष्ट करावयाच्या असतात.

सारांश, प्रकरण संपताच निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी, तीत नेमके कोणते कलम व कोणता हुकूम आहे ते समजून घ्यावे, आणि ती प्रत जपून ठेवावी. पुढे अर्ज भरताना जे विचारले असेल त्याचे त्या प्रतीबरहुकूम खरे उत्तर द्यावे. पहिल्यांदा पाऊल घसरलेल्यास सावरण्याची संधी कायद्याने ठेविली आहे. ती संधी खोट्या उत्तराने आपणच घालवू नये.