अंडाशयाच्या कर्करोगावरील रसायनोपचार : शिरेतून की उदरपोकळीत?

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उदरपोकळीच्या आवरणावर पसरतो. शस्त्रक्रियेनंतरही काही पेशी तेथे उरू शकतात. यास्तव रसायनोपचार, म्हणजेच केमोथेरपी, द्यावी लागते.

सिसप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधास अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळाली. यू वृक्षाच्या सालीतून प्रथम लाभलेल्या पॅक्लिटॅक्सेलची त्यास जोड दिल्याने काय साधले, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसले. शस्त्रक्रियेनंतरही रोग बराच उरलेल्या स्त्रियांपैकी निम्म्या जुन्या औषधजोडीने २४ महिन्यांहून अधिक जगल्या, तर नव्या जोडीने ३८ महिन्यांहून अधिक. पुढे सिसप्लॅटिनची जागा कार्बोप्लॅटिनने घेतली. गुण तितकाच, त्रास कमी.

औषध थेट उदरपोकळीत सोडले तर? अल्प रोग उरलेल्या स्त्रियांवरील २००६ सालच्या अहवालात हा काळ सुमारे ५० महिन्यांवरून ६६ महिन्यांवर गेला. तथापि उदरपोकळीतील सहाही फेऱ्या केवळ ४२ टक्के स्त्रियांना पूर्ण करता आल्या. पोटदुखी, नळीतील अडथळे व संसर्ग आड आले. उपचार देहास सोसवला पाहिजे, ही बाब गौण नव्हे. शिवाय बेव्हासिझुमॅब या औषधासह झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध तुलनेत या मार्गाचा अधिक लाभ आढळला नाही.

साहजिकच कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल दर तीन आठवड्यांनी शिरेतून देणे, ही पद्धती आज सर्वाधिक रूढ आहे. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांस मुंग्या येतात. बधिरपणा वाढण्यापूर्वीच रुग्ण स्त्रीने डॉक्टरांस तसे सांगावे, म्हणजे मात्रा बदलता येते.