विजेच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस

वळवाचा पाऊस आला की वीज पडते. माणसे दगावतात, जनावरे दगावतात. हे तुम्हांला नवीन नाही. आमचे धाकटे चुलते असेच गेले. शेतातून येताना पावसाने गाठले, म्हणून ते आंब्याखाली उभे राहिले. नेमकी त्याच आंब्यावर वीज पडली. लोक धावत आले, पण त्यांच्या अंगाला कोणी हात लावला नाही. अंगात वीज असते, असे सगळे म्हणत होते. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो.

पुढे आम्ही शिकायला स्वित्झर्लंड देशात गेलो. 2014 साली एका शनिवारी-रविवारी सुटी काढून शेजारच्या जर्मनी देशात गेलो. सकाळी आगगाडीत बसलो. वाटेत थोडा ऑस्ट्रिया देश लागला, आणि मग म्युनिक शहर आले. एका दिवसात तीन देश! आपल्याकडे एवढ्या वेळात मुंबईहून सोलापूर गाठता येते, इतकेच.

म्युनिकमध्ये नदीतल्या एका बेटावर विज्ञानाचे फार मोठे संग्रहालय आहे. त्याचे नाव डॉइचेस म्युझियम. ऑस्कर फॉन मिलर नावाच्या इंजिनिअराने ते 1903 साली स्थापन केले. विमाने, जहाजे, जमिनीखालची खाण, सगळे तिथे मांडलेले होते. पण आमच्या लक्षात राहिली ती एकच गोष्ट.

एका मोठ्या दालनात लोक पायऱ्यांवर बसले होते. समोर जाळीचा धातूचा पिंजरा होता. एक माणूस त्यात जाऊन बसला. पिंजरा वर उचलला गेला. आपल्या घरात वीज असते ती 230 व्होल्टची. इथे लाखो व्होल्टची वीज त्या पिंजऱ्यावर सोडली. कडाड्! निळ्या-पांढऱ्या ठिणग्या पिंजऱ्यावर तुटून पडल्या. आम्ही कान झाकले. खरे सांगायचे तर डोळेही मिटले. डोळे उघडून पाहतो तो काय, माणूस आत हसतोय!

हे कसे झाले? धातूच्या बंद पिंजऱ्यावर वीज आली, की ती बाहेरच्या अंगानेच पसरते. आत शिरत नाही. हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा थोडीच झाली. पुस्तके बांधणाऱ्याकडे तो कामाला राहिला, आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. 1836 साली त्याने बारा फूट लांब, रुंद आणि उंच असा पिंजरा केला. तो स्वतः आत बसला, आणि बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडायला लावल्या. आत त्याला वीज सापडलीच नाही.

आता आंब्याकडे येऊ. झाड म्हणजे पिंजरा नव्हे. झाड उंच, म्हणून वीज त्याला आधी गाठते. ती खोडातून खाली उतरते. जवळ माणूस असला, तर त्याच्या अंगातून तिला सोपी वाट मिळते. मग ती खोडावरून माणसावर उडी घेते. उरलेली वीज जमिनीतून पसरते. गुराचे पुढचे आणि मागचे पाय लांब-लांब असतात. जमिनीतली वीज एका पायातून चढते, दुसऱ्यातून उतरते. म्हणून झाडाखाली एकदम चार-पाच गुरे मरतात. पायाळू माणसावर वीज पडते, असे म्हणतात. पण विजेला कोण पायाळू आणि कोण नाही, हे कळत नाही.

गावी आल्यावर आम्ही हे आईला सांगितले. आईने लगेच विचारले, "मग आपल्या पत्र्याच्या छपराखाली उभं राहिलं तर चालंल का रे?" प्रश्न चोख होता. नाही चालत. नुसते वर पत्रे आणि चारी बाजू मोकळ्या, तो पिंजरा होत नाही. एस.टी.ची गाडी चालते, कारण तिला चारी बाजूंनी पत्रा असतो. खिडक्या लावून घ्याव्या, पत्र्याला हात लावू नये. पक्के घर त्याहून बरे. मोटारसायकल किंवा उघडा ट्रॅक्टर काही कामाचा नाही. अगदी उघड्या रानात सापडलात, तर झाडापासून दूर व्हा. दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवे बसा. आडवे पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

मग आई चुलत्यांविषयी बोलली. "हात लावला असता तर?" तिने विचारले. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. ती क्षणात जमिनीत जाते. त्याला बेलाशक हात लावावा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर दाबत राहावे. दुसऱ्याने 108 नंबरला फोन करून गाडी बोलवावी. अशी माणसे पुष्कळदा वाचतात.

आई बराच वेळ गप्प बसली. मग उठली आणि आंब्याखाली बांधलेली म्हैस सोडून घराकडे घेऊन आली.