फित्रा गव्हाचा की खजुराचा?

रमजानचा शेवटचा आठवडा आला की उस्मानपुऱ्यातल्या मुस्लिम घरांत माणसे मोजली जातात. फित्रा माणशी द्यायचा असतो, अगदी पाळण्यातल्या बाळाचाही. ईदच्या नमाजआधी तो गरजूच्या हाती पोचावा, म्हणजे त्याच्याही घरी ईद होते. बहुतेक कुटुंबे माणशी साधारण पावणेदोन किलो गव्हाच्या किमतीइतका फित्रा काढतात.

माप पिढ्यान् पिढ्या तेच आहे. घरखर्च मात्र बदलला. केंद्र सरकारच्या पाहणीनुसार 1999-2000 मध्ये देशातील शहरी कुटुंबांच्या दर 100 रुपये खर्चातले 12 रुपये गहू, तांदूळ, ज्वारी अशा तृणधान्यांवर जात. 2022-23 मध्ये 4 रुपयेही जात नव्हते. एकूण खाण्यापिण्याचा वाटाही 48 वरून 39 रुपयांवर आला. पैसा आता घरभाडे, शाळेची फी, औषधपाणी, पेट्रोल, मोबाइल यांकडे वळला आहे. देणाऱ्याच्या घरी हे जसे झाले, तसेच घेणाऱ्याच्याही. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना रेशनचा गहू मिळतो. अडते ते खोलीच्या भाड्यापाशी आणि मुलीच्या फीपाशी.

शरियतमध्ये याला वाट आहे. जव, खजूर किंवा मनुका यांच्या हिशेबानेही फित्रा देता येतो आणि हनफी मतानुसार त्यांचे माप गव्हाच्या दुप्पट असते. गव्हाचा फित्रा शंभर रुपयांच्या आत भागतो. चांगल्या मनुकांचा हजारावर जातो. ज्यांच्या दस्तरख्वानावर महिनाभर खजूर असतो, त्यांनी फित्राही खजुराचाच काढायला काय हरकत आहे?