कुलूपबंद लॅपटॉप आणि आमचे हात

नामपूरच्या परिसरात शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार जळाली तर तो लगेच नवी मोटार घ्यायला धावत नाही. मोटार रिवाइंडिंगला जाते आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी उपसू लागते. ट्रॅक्टर अडला तर मिस्त्री येतो, पान्हा चालवतो, कांद्याची गाडी मार्केटला पोहोचते. मोसम खोऱ्यातली शेती अशा दुरुस्तीच्या बळावर उभी आहे. मग याच गावातल्या आपल्या मुलीचा लॅपटॉप बंद पडला म्हणून तिचे शिक्षण का अडावे? प्रश्न यंत्राचा दिसतो, पण तो हक्काचा आहे.

अशी एक मुलगी आम्ही पाहिली. वडील कांद्याच्या खळ्यावर मजूर, आई दुसऱ्याच्या शेतात निंदणीला. घरातली पदवीपर्यंत गेलेली ती पहिलीच. तिच्यासाठी हप्त्याने लॅपटॉप घेतला, पातळ आणि चकचकीत. दोन वर्षांत बॅटरी फुगली आणि मशीन रेंगाळू लागले. नेमकी तेव्हाच महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. वडील दिवसाची मजुरी बुडवून नाशिकला गेले. तेथे उत्तर मिळाले, "रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली आहे, वाढणार नाही. बॅटरी चिकटवलेली आहे, तिच्यासोबत वरचा सगळा भाग बदलावा लागेल." खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त! जुन्याचे हप्ते फिटले नव्हते आणि सल्ला मिळाला, "त्यापेक्षा नवाच घ्या."

त्याच वस्तीतल्या एका मुलाकडे कुठल्याशा कार्यालयातून निघालेला जुना, जाडजूड लॅपटॉप होता. तोही मंदावला होता. सटाण्याच्या दुकानदाराने खालचे स्क्रू काढले, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅमची एक पट्टी वाढवली, पंख्यातली धूळ झटकली. तासाभरात काम झाले. पोरगा तेव्हापासून त्याच मशीनवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. महागडे मशीन निकामी झाले आणि जुने कामाला आले, कारण जुने उघडता येत होते. एवढाच काय तो फरक!

वाचकहो, जरा मागे वळून पाहा. विहिरीवर मोट चालायची तेव्हा ती शिवणारे हात चर्मकाराचे होते, नाडा वळणारे हात मातंगाचे होते. मोट फाटली की आपल्याच माणसाला बोलावणे यायचे. पण विहीर आपली नव्हती, तिच्या पाण्यालाही शिवण्याची मुभा नव्हती. तेव्हा कसब आपले होते आणि वस्तू दुसऱ्याची. आज पोटाला चिमटा घेऊन आपण वस्तू विकत घेतो, पण तिच्यावर कसब चालवायला कंपनीचे कुलूप आडवे येते. पैसे आपले, पावती आपली, मग झाकण उघडण्याची परवानगी दुसऱ्याची कशी?

कंपन्या म्हणतात, लॅपटॉप पातळ व हलका हवा असेल तर भाग डाग देऊन, चिकटवूनच बसवावे लागतात. यात काही अंशी तथ्य आहे. पण २०२१ साली निरव पटेल यांच्या अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने पातळ लॅपटॉपच असा बाजारात आणला की त्याची रॅम, बॅटरी, पडदा, एवढेच काय मुख्य बोर्डसुद्धा ग्राहक स्वतः बदलू शकतो. स्क्रूड्रायव्हर खोक्यातच मिळतो. म्हणजे अडचण तंत्राची नाही, नियतीची आहे.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो किती दुरुस्त होऊ शकतो याचे दहापैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केले. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि माहिती म्हणजे हक्क नव्हे!

दुसरे कुलूप आज्ञावलीचे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित मोफत साहाय्य थांबवले. विंडोज ११ कित्येक जुन्या मशीनना स्वीकारत नाही. म्हणून धडधाकट लॅपटॉप भंगारात घालायचे काय? मुळीच नाही. लिनक्स फुकट आहे, मराठीतूनही चालते आणि जुन्या मशीनवर अर्ज, अभ्यास, टंकलेखन सगळे करू देते.

म्हणून खरेदीला जाताना दुकानदाराला चार प्रश्न विचारा. खालचे झाकण साध्या स्क्रूने उघडते का? रॅम पट्टीची आहे की बोर्डाला जोडलेली? बॅटरी आणि डिस्क बदलता येते का? सुटे भाग सटाण्यात, मालेगावात मिळतात का? उत्तर "नाही" आले तर कितीही चकाकी असो, तो लॅपटॉप आपल्या मुलांसाठी नाही. चांगल्या स्थितीतला वापरलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड त्याहून बरा. पण तोही उघडून पाहूनच घ्या, कारण त्यांचीही सगळीच मॉडेल सारखी नसतात.

आणखी एक सुचवावेसे वाटते. १४ एप्रिलला आपण गावोगाव वर्गणी काढतो. त्यातला थोडा पैसा वस्तीच्या अभ्यासिकेसाठी बाजूला काढा. स्क्रूड्रायव्हरचा एक संच, रॅमच्या दोन पट्ट्या, एक एसएसडी आणि लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह एवढे घ्या. दोन मुले आणि दोन मुली दुरुस्ती शिकायला पाठवा. फुगलेल्या बॅटरीला टोचायचे नाही, ती जाणत्याकडेच द्यायची, हेही त्यांना शिकवा. मग अर्जाच्या शेवटच्या दिवशी कोणाच्या वडिलांना मजुरी बुडवून नाशिक गाठावे लागणार नाही.

कसब आपल्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. आता वस्तूही आपली झाली आहे. ती उघडण्याचा हक्क तेवढा मिळवायचा राहिला आहे, तो मागू या आणि घेऊ या!