वुमकर की वेलिंगकर? नोंदीतून माणूस कसा ओळखायचा



मंगळवेढ्यात वाढलेल्या माणसाला चोखोबांच्या शेवटाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. परंपरा याचं साल १३३८ सांगते. नामदेव आले तेव्हा नुसती हाडं उरली होती. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ठरलं आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी झाली.

ही आख्यायिका आहे, पुरावा नाही. पण तिच्यातला प्रश्न संशोधकाचाच आहे : माणूस गेला, ओळखायचा कशावरून? हा प्रश्न आज आपण एका मराठी आडनावाच्या लढाऊ वैमानिकावरून समजून घेऊ.

कोण होता हा मुलगा?

श्रीकृष्ण वेलिंगकर. मुंबईचा, पहिल्या महायुद्धाच्या आधी केंब्रिजला शिकायला गेलेला. त्या काळात हिंदी तरुणाला ब्रिटिश सैन्यात अधिकारी होणं जवळपास अशक्य होतं. तरीही रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये चार हिंदी तरुण वैमानिक-अधिकारी झाले : हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन आणि आपला वेलिंगकर. १ एप्रिल १९१८ ला हेच दल नौदलाच्या हवाई शाखेत मिळून रॉयल एअर फोर्स झालं.

वेलिंगकर २३ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये होता. त्यांच्याकडे सॉपविथ डॉल्फिन विमानं होती. डॉल्फिनची रचना जरा विचित्रच. वरचा पंख खालच्यापेक्षा मागे, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर. त्यामुळे वर आणि पुढे छान दिसायचं, पण उतरताना विमान उलटलं तर पहिला मार डोक्याला. आणि ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिलं जात नव्हतं.

२७ जून १९१८ ला तो गस्तीवर गेला तो परत आलाच नाही. कागदावर एकच शब्द : बेपत्ता. प्रत्यक्षात तो जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला होता. तीन दिवसांनी, ३० जूनला तो गेला. वय २३. म्हणजे आत्ता एम.ए. संपवून पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकांएवढा.

नाव कुठे हरवलं?

जर्मनांनी त्याला रीतसर पुरलं, नोंदही केली. पण नाव पडलं 'वुमकर'. इकडे घरचे वेलिंगकरची वाट बघतायत आणि तिकडे कबर वुमकरची! युद्ध संपल्यावर चौकशी झाली, तेव्हा कुठे वुमकर म्हणजेच वेलिंगकर हे ठरलं. आज फ्रान्समध्ये सोम भागातल्या हांगार गावच्या युद्धस्मशानात त्याची कबर त्याच्याच नावाने आहे.

आता ही चूक नीट बघा. इंग्रजीत तो आपलं आडनाव 'ग' गाळून, डब्ल्यूने सुरू करून लिहायचा. दोन्ही नावांत सुरुवातीचा डब्ल्यू तोच आणि शेवटची 'के-ए-आर' ही अक्षरंही तीच. बिघडलाय तो फक्त मधला भाग. हाताने घाईत लिहिलेल्या इंग्रजीत 'ई-एल-आय-एन' म्हणजे नुसत्या उभ्या काड्यांची रांग, ती 'यू-एम' वाटू शकते. मराठी आडनावं ज्याने कधी ऐकलीच नाहीत त्याला 'कर' म्हणजे काय हे कुठून कळणार? म्हणजे 'रेकॉर्डमध्ये नाव नाही' याचा अर्थ 'माणूस नव्हता' असा होत नाही. बऱ्याचदा अर्थ एवढाच की आपण चुकीच्या स्पेलिंगने शोधतोय.

तुम्ही असता तर काय केलं असतं?

१. नावाची सगळी रूपं आधी वहीत लिहा. वेलिंगकर व्हीने, डब्ल्यूने, 'ग'सह, 'ग'शिवाय. आपल्या गावाचं उदाहरण घ्या. मंगळवेढा इंग्रजीत कुठे व्हीने लिहितात, कुठे डब्ल्यूने.

२. नाव बाजूला ठेवून बाकीच्या खुणा जुळवा. तारीख, ठिकाण, हुद्दा, तुकडी. त्या दिवशी त्या भागात कोणती विमानं परतली नाहीत? वुमकर नावाचा अधिकारी यादीत आहे का? नसेल तर त्याच्याशी जुळणारा कोण?

३. एकमेकांची नक्कल नसलेल्या दोन नोंदी तरी हव्यात. एक ब्रिटिश आणि एक जर्मन जुळली तर बळ येतं. एकाच पुस्तकावरून उतरवलेले दहा लेख म्हणजे पुरावा एकच!

४. मूळ कागद कुठे आहेत ते माहीत करून घ्या. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'एअर ७६' या मालिकेत हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची कबरींची यादी आणि रेडक्रॉसच्या युद्धकैद्यांच्या नोंदी ऑनलाइन फुकट बघता येतात. सुरुवात मंगळवेढ्यात बसून मोबाइलवरही होते.

५. कागद जेवढं बोलतो तेवढंच लिहा. हुद्द्याच्या कागदावरून हुद्दा सिद्ध होतो, मनातलं नाही. तो साम्राज्यासाठी लढला की उडण्याच्या वेडापायी, हे सेवानोंदीवरून ठरत नाही. त्याला 'साम्राज्याचा वीर' किंवा 'देशभक्त' म्हणायची घाई करू नका. त्यासाठी त्याची पत्रं लागतील.

त्या चौघांत मलिक आणि सेन युद्धातून वाचले. रॉय वेलिंगकरनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, २२ जुलै १९१८ ला पडला, वय १९. दहा विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे आणि मरणोत्तर डी.एफ.सी. पदकही, म्हणून त्याच्यावर लेख भरपूर सापडतील. वेलिंगकरवर फार थोडे. विषय निवडताना हेही लक्षात ठेवा. ज्याच्यावर भरपूर लिहिलंय त्याच्यावर आणखी लिहिणं सोपं असतं. पण कुणीतरी त्या वुमकरच्या नोंदीपाशी थांबून 'हा नक्की कोण?' असं विचारलं, म्हणून एका मुलाला त्याचं नाव परत मिळालं.

आजचा अभ्यास : आपल्याच आजोबांचं नाव सातबारा, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड या तीन ठिकाणी कसं लिहिलंय ते बघा. फरक सापडला, की तो माणूस एकच आहे हे अनोळखी परीक्षकाला कसं पटवाल, ते एका पानात लिहून काढा. शोधनिबंधाची तयारी तिथूनच सुरू होते.