तांब्याचा हिशेब चुकला तर

मैत्रिणींनो, तांबं आपल्या शरीराला लागतंच. रक्त तयार व्हायला, हाडं आणि नसा धड राहायला ते हवं. पण दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम! तेवढं डाळी, तीळ, शेंगदाण्यांतून मिळून जातं.

मोकळं सुटलेलं तांबं मात्र पेशींना इजा करतं. म्हणून गटाचा पैसा जसा नोंदीशिवाय कुणाच्या हाती देत नाही, तसं शरीरही तांबं मोकळं सोडत नाही. एक प्रथिन ते दुसऱ्याच्या हाती देतं. पेशीच्या दारावरचं ‘सीटीआर-१’ तांबं आत घेतं. ‘अ‍ॅटॉक्स-१’ ते पेशीच्या आत पुढे पोचवतं. आतड्यातलं ‘एटीपी-७ए’ ते रक्ताकडे सोडतं. यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, ‘एटीपी-७बी’ असतं. ते गरजेपुरतं तांबं कामाला लावतं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर टाकतं.

काही मुलांमध्ये हे शेवटचं प्रथिन जन्मतःच बिघडलेलं असतं. मग तांबं आधी यकृतात, नंतर मेंदूत साठतं. याला विल्सनचा आजार म्हणतात. कावीळ, पोटात पाणी, हात थरथरणं, बोलणं अडखळणं, अक्षर बिघडणं ही त्याची लक्षणं. ही बाहेरची बाधा नव्हे, आणि एकट्या आईचा दोषही नव्हे. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेलं असतं. वेळेत कळलं तर औषध आहे, पण ते जन्मभर घ्यावं लागतं, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. एका मुलाला हा आजार निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायलाच हवी.

तान्ह्या बाळाचं यकृत जास्तीचं तांबं बाहेर टाकायला अजून पुरतं तयार नसतं. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या, ठेवलेल्या दुधाशी त्याचा संबंध असल्याचं 1980 च्या दशकात पुण्यातल्या अभ्यासातून पुढे आलं. अशी भांडी मागे पडली, तसा तो आजारही दुर्मिळ झाला.

तेव्हा एवढं लक्षात ठेवू या. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. पुढे वरचं दूध स्टीलच्या भांड्यात. ताक, लिंबू, चिंचेचं काही बिनकल्हईच्या भांड्यात ठेवायचं नाही. आणि मुलाची कावीळ पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर नुसतं झाडपाल्यावर न थांबता दवाखाना गाठायचा.